डिबाउन्स लावूनही सर्च चुकतो, तो का?

प्रश्न थोडक्यात असा: मुंबईतली लोकल स्टेशनं आणि बसथांबे शोधायचं एक पान आहे. रिॲक्टमध्ये (वेबपानं बांधायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) बांधलेलं, जोडीला लोडॅश (तयार फंक्शनांची लायब्ररी). सर्च बॉक्सला ३०० मिलिसेकंदांचा डिबाउन्स आणि खालच्या स्क्रोल होणाऱ्या यादीला १०० मिलिसेकंदांचा थ्रॉटल लावलाय. तरी भराभर टाइप केलं की अक्षरं गिळली जातात, हळू टाइप केलं तर उमटतात. कधी कधी आधीच्या शोधाचे निकाल मागाहून येऊन नव्या निकालांवर बसतात. आणि साध्या अँड्रॉइड फोनवर यादी अडखळत सरकते. "किती मिलिसेकंद ठेवू म्हणजे नीट चालेल?" असं विचारलंय.

आकडा बदलून यातलं एकही दुखणं जाणार नाही. डिबाउन्स आणि थ्रॉटल एवढंच ठरवतात की तुमचं फंक्शन कधी आणि किती वेळा चालेल. ते काय बदलतं, त्याचं उत्तर कोणत्या क्रमाने परत येतं आणि ते काम किती जड आहे, यातलं काहीच त्यांच्या हातात नसतं. तुमच्या तिन्ही तक्रारी नेमक्या याच तीन ठिकाणच्या आहेत, प्रत्येक ठिकाणची एक.

आधी दोन शब्द साफ करून घेऊ, कारण ते एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. बेस्टचा कंडक्टर थांब्यावर माणसं चढत असेपर्यंत बेल देत नाही. चढणं थांबलं, क्षणभर कोणी आलं नाही, की डबल बेल. मधेच कोणी धावत आलं तर वाट पाहणं पुन्हा पहिल्यापासून. हा डिबाउन्स. लोकलचं तसं नाही. फलाटावर कितीही गर्दी असो, वेळ झाली की गाडी सुटते आणि राहिलेले पुढच्या गाडीने. हा थ्रॉटल. आता थांब्यावरची रांग संपतच नसेल तर कंडक्टरही कधी तरी "मागची गाडी रिकामी आहे" म्हणत बेल देतोच. लोडॅशच्या डिबाउन्समध्ये त्यासाठी मॅक्सवेट (जास्तीत जास्त किती थांबायचं) हा पर्याय आहे. गंमत म्हणजे लोडॅशचा थ्रॉटल वेगळा लिहिलेलाच नाही. वेट आणि मॅक्सवेट सारखे ठेवून पहिला कॉल लगेच सोडणारा डिबाउन्स, एवढाच तो आहे. त्यामुळे "दोन्ही एकावर एक लावू का" या प्रश्नाला अर्थ उरत नाही.

कोणतं घ्यायचं ते एका गोष्टीवरून ठरवा: मधल्या स्थितींना किंमत आहे का? सर्चमध्ये अर्धवट शब्दाला किंमत नाही, शेवटचा शब्द हवा, म्हणून डिबाउन्स. स्क्रोलबरोबर सरकणारी पट्टी असेल तर मधल्या स्थिती दिसायलाच हव्यात, म्हणून थ्रॉटल किंवा फ्रेमनुसार (पडदा दर वेळी रंगतो तेव्हा) काम. आणि "पैसे भरा" या बटणाला फक्त पहिला क्लिक हवा. तिथे यातलं एकही औषध चालत नाही. तिथे क्लिक झाल्याक्षणी बटण बंद करा आणि सर्व्हरला प्रत्येक व्यवहारासोबत एक वेगळी खूण पाठवा, म्हणजे तीच विनंती दोनदा आली तरी पैसे एकदाच कापले जातील. बटणावर डिबाउन्स लावलेला कोड मी पाहिला की पहिली शंका हीच येते: उत्तर यायला डिबाउन्सच्या वेळेपेक्षा जास्त वेळ लागला तर दुसरा क्लिक सरळ आत जातो.

आता पहिली तक्रार, गिळलेली अक्षरं. इनपुटची व्हॅल्यू रिॲक्टच्या स्टेटला (पानाने लक्षात ठेवलेल्या मूल्याला) बांधलेली आहे आणि ते स्टेट बदलणारं फंक्शनच डिबाउन्स केलंय, असं लक्षणांवरून दिसतं. मग काय होतं ते पाहा. तुम्ही "व" दाबता, हँडलर (कळ दाबली की चालणारं फंक्शन) चालतो, पण स्टेट ३०० मिलिसेकंद बदलत नाही. रिॲक्ट बघतं की स्टेटमध्ये रिकामं आहे, म्हणून बॉक्सही पुन्हा रिकामा करतं. पुढचं अक्षर त्या रिकाम्या बॉक्सात पडतं. भराभर चार अक्षरं टाइप केलीत तर शेवटी फक्त चौथं उमटतं. हळू टाइप केलं तर प्रत्येक अक्षर ३०० मिलिसेकंद उशिरा का होईना, दिसतं. म्हणून बॉक्सातला मजकूर तत्काळ बदलू द्या. उशीर करायचाय तो शोधाला, टायपिंगला नाही. बोट पडल्यापासून पडद्यावर बदल दिसेपर्यंतचा वेळ २०० मिलिसेकंदांच्या आत असला तर गूगलच्या आयएनपी या प्रतिसादाच्या मोजमापात तो चांगला धरला जातो (हे मोजमाप मार्च २०२४ पासून कोअर वेब व्हायटल्स या पानाच्या दर्जाच्या मापांमध्ये आलं). तुम्ही ३०० मिलिसेकंद स्वतःहूनच खर्चून बसलात.

त्याच फाइलीत बहुधा आणखी एक चूक असेल, कारण ती जवळजवळ प्रत्येक रिॲक्ट प्रकल्पात सापडते: डिबाउन्स केलेलं फंक्शन कॉम्पोनंटच्या (पानाचा एक तुकडा रंगवणाऱ्या कोडच्या) आत, थेट, कसल्याही वेष्टनाशिवाय बनवलेलं. दर रेंडरला (तो तुकडा पुन्हा रंगताना) ते नव्याने बनतं, आणि प्रत्येकाचा टायमर आपापला. नव्याला जुन्याची खबर नसते. त्यामुळे चार अक्षरांना चार रिक्वेस्ट जातातच, फक्त प्रत्येक ३०० मिलिसेकंद उशिरा. नेटवर्क टॅब उघडा, "वाशी" टाइप करा, चार ओळी दिसल्या तर हेच आहे.

यावरचा प्रचलित उपाय म्हणजे यूजमेमोत (बनवलेली वस्तू जपून ठेवणारी रिॲक्टची सोय) रिकामी डिपेंडन्सी यादी (काय बदललं की पुन्हा बनवायचं) देऊन ते फंक्शन एकदाच बनवणं. चालतं, पण मग पहिल्या रेंडरची मूल्यं त्यात अडकून राहतात. "फक्त हार्बर" हा फिल्टर नंतर निवडला तरी शोध सगळ्या मार्गांवर चालतो, कारण आतल्या फंक्शनला जुना फिल्टरच दिसतोय. मग ताजं फंक्शन एका रेफमध्ये (दर रेंडरला तोच राहणारा डबा) ठेवायचं आणि डिबाउन्सने रेफमधलं बोलवायचं. तेही चालतं. शिवाय कॉम्पोनंट निघून जाताना कॅन्सल (राहिलेला कॉल रद्द करणं) बोलवायचं लक्षात ठेवावं लागतं.

माझा कल साध्या वाटेकडे आहे: फंक्शन डिबाउन्स करू नका, मूल्य करा. दोन स्टेट ठेवा, एक "मजकूर", दुसरं "शोध". टाइप होईल तसा मजकूर लगेच बदलतो. मजकुरावर अवलंबून असलेल्या एका यूजइफेक्टमध्ये (मूल्य बदललं की चालणारा कोड) ३०० मिलिसेकंदांचा सेटटाइमआउट (टायमर) लावा, तो वाजला की शोध = मजकूर. इफेक्टच्या साफसफाईत (पुढच्या खेपेआधी चालणारा भाग) क्लिअरटाइमआउट. झाला डिबाउन्स, लोडॅश लागलंच नाही. दुसरा यूजइफेक्ट शोधावर आणि फिल्टरवर अवलंबून, त्यात रिक्वेस्ट. फिल्टर बदलला तर रिक्वेस्ट लगेच जाते, ३०० मिलिसेकंद थांबत नाही, आणि तसंच हवं; ड्रॉपडाउन बदलणारा माणूस एकदाच बदलतो. रिॲक्ट १८ मध्ये आलेलं यूजडिफर्डव्हॅल्यू याची जागा घेत नाही. ते जड रेंडर मागे ढकलतं, रिक्वेस्टची संख्या कमी करत नाही.

दुसरी तक्रार, शिळे निकाल. इथे जरा रेंगाळू, कारण बहुतेक लोक डिबाउन्स लावला म्हणजे हे सुटलं असं समजतात.

समजा कोणी "वाशी" टाइप करतोय. कळा पडल्या अशा: "व" शून्यावर, "वा" १४० वर, मग बोट जरा अडखळलं, "वाश" ४०० वर आणि "वाशी" ५२० वर. डिबाउन्स २०० चा असेल तर १४० ते ४०० हे अंतर २६० चं, म्हणजे वाट पाहण्यापेक्षा जास्त. ३४० ला "वा" ची रिक्वेस्ट सुटली आणि ७२० ला "वाशी" ची. आता पहिलीला ९०० मिलिसेकंद लागले आणि दुसरीला २५०. दुसरीचं उत्तर ९७० ला आलं, यादीत वाशी दिसलं. पहिलीचं उत्तर १२४० ला आलं आणि यादीत वांद्रे, वांगणी, वाशी असं सगळं पुन्हा उमटलं. बॉक्सात मात्र "वाशी"च. माणूस बघून न बघितल्यासारखं पहिलं नाव दाबतो आणि वांद्र्याचं वेळापत्रक उघडतं.

डिबाउन्स ३०० केला तर या उदाहरणात एकच रिक्वेस्ट जाते, ८२० ला. त्यामुळे आकडा वाढवल्यावर दुखणं गेल्यासारखं वाटतं. पण ट्रेनमध्ये एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हाताने टाइप करणाऱ्याच्या दोन कळांत अर्धा सेकंदही जातो. तिथे पुन्हा दोन रिक्वेस्ट, पुन्हा शर्यत. आणि धावत्या गाडीत रेंज येते-जाते, त्यामुळे दोन उत्तरांच्या वेळांतला फरकही तिथेच सगळ्यात मोठा. ऑफिसच्या वायफायवर हे कधीच दिसत नाही.

उपाय एकच: नवी रिक्वेस्ट निघाली की जुनी रद्द. फेचला (ब्राउझरचं रिक्वेस्ट पाठवणारं फंक्शन) अबॉर्ट कंट्रोलरचा (रिक्वेस्ट रद्द करायची सोय) सिग्नल द्या आणि वर सांगितलेल्या दुसऱ्या यूजइफेक्टच्या साफसफाईत अबॉर्ट बोलवा. ॲक्सिओस ही रिक्वेस्ट पाठवायची लायब्ररी ०.२२ आवृत्तीपासून हाच सिग्नल घेते. जेक्वेरी या जुन्या लायब्ररीच्या एजॅक्स कॉलमधून जी वस्तू परत मिळते तिच्यावर अबॉर्ट आहेच. आरएक्सजेएस (घटनांचे प्रवाह हाताळणारी लायब्ररी) वापरत असाल तर डिबाउन्सटाइमनंतर स्विचमॅप (नवं आलं की जुनं सोडतो); मर्जमॅप (सगळंच चालू ठेवतो) लावलात तर शर्यत जशीच्या तशी राहील. वापरात असलेली लायब्ररी रद्द करूच देत नसेल तर प्रत्येक रिक्वेस्टला चढता क्रमांक द्या आणि उत्तर आल्यावर क्रमांक सर्वात ताजा असेल तरच यादीला हात लावा.

इथे दोन खड्डे आहेत. रद्द केलेली रिक्वेस्ट एरर म्हणून परत येते, फेचमध्ये तिचं नाव अबॉर्टएरर. ती वेगळी काढली नाही तर दर दुसऱ्या अक्षराला "काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा" असा लाल पट्टा चमकतो. दुसरा खड्डा फिरत्या चकतीचा. "लोड होतंय" बंद करायची ओळ फायनलीमध्ये (यश असो वा चूक, शेवटी चालणारा भाग) असते, ती रद्द झालेल्या रिक्वेस्टसाठीही चालते आणि नवी रिक्वेस्ट अजून वाटेत असताना चकती गायब होते. मग माणसाला वाटतं निकाल शून्य आहेत. चकती बंद करण्याआधी सिग्नल रद्द झालाय का ते तपासा. आणि एवढं ध्यानात असू द्या की रद्द केल्याने ब्राउझर उत्तराची वाट पाहणं सोडतो. सर्व्हरपर्यंत पोचलेलं काम तिथे चालूच राहू शकतं. सर्व्हरवरचा भार कमी करणं हे डिबाउन्सचं काम, क्रम राखणं हे अबॉर्टचं. दोन्ही लागतात. सर्व्हरला स्वतःचं संरक्षण वेगळं लागतंच. ब्राउझरमधली मर्यादा कोणीही काढून टाकू शकतो.

मग ३०० ठेवायचे की नाही? नेटवर्कवर जाणाऱ्या शोधाला २५० ते ३०० ठीक आहे. फोनवरच जास्त वापर असेल तर ३५० पर्यंत जा, त्यापुढे पान सुस्त वाटायला लागतं. एकदा शोधलेला शब्द एका मॅपमध्ये साठवून ठेवा, ५० नोंदी पुरेत. बॅकस्पेस मारून मागे आलेल्याला उत्तर तिथूनच द्या, टायमरशिवाय. पण तुमच्या बाबतीत त्याआधीचा एक प्रश्न आहे: स्टेशनांसाठी सर्व्हरकडे जायचंच कशाला? पश्चिम, मध्य, हार्बर, ट्रान्स-हार्बर सगळं धरलं तरी नावं शे-दीडशे. मराठी, इंग्रजी आणि बोलीतली नावं मिळूनही ती फाइल काही किलोबाइट्सचीच होईल. पान उघडताना एकदा आणा आणि ब्राउझरमध्येच गाळा. एवढ्या यादीवरून फिरायला एक मिलिसेकंदही लागत नाही, त्याला डिबाउन्स नकोच, अक्षरागणिक निकाल दाखवा. बसथांबे हजारोंनी असतात, ते सर्व्हरकडे जाऊ देत. म्हणजे "वाशी" टाइप होत असतानाच स्टेशन वर दिसतं आणि थांबे मागाहून खाली भरतात. फक्त थांब्यांसाठी जागा वेगळी राखा, नाहीतर यादी हलते आणि बोट भलत्याच नावावर पडतं.

मराठी टायपिंगचा एक वेगळा विषय इथेच येतो. "किमान तीन अक्षरं झाल्यावरच शोधा" अशी अट असेल तर ती काय मोजते ते बघा. जावास्क्रिप्टची लेंग्थ काना, मात्रा, हलन्त वेगवेगळे मोजते. "ठाणे" आपल्या लेखी दोन अक्षरं, लेंग्थ सांगते ४. "कल्याण" तीन अक्षरं, लेंग्थ ६. या हिशेबात "ठाण" पाशी शोध सुरू होतो, चालून जातं. पण कोणी हुशारी करून इंटल सेगमेंटरने (मजकुराचे अक्षरांत तुकडे करणारी ब्राउझरची सोय) खरी अक्षरं मोजायला लागलं तर ठाणे, वाशी आणि शीव ही तिन्ही स्टेशनं तीनच्या अटीत कधीच बसणार नाहीत. मराठीसाठी अट लेंग्थ २ ची ठेवा. शिवाय तुलना करण्याआधी दोन्हीकडचा मजकूर नॉर्मलाइझ (एकाच संकेतरूपात) करून घ्या आणि अदृश्य जोडचिन्हं काढून टाका, कारण दिसायला तोच शब्द कीबोर्डागणिक वेगळ्या संकेतांनी बनलेला असू शकतो.

फोनवरच्या कीबोर्डचं आणखी एक. अँड्रॉइडवर टाइप होत असलेला शब्द खाली रेघ असलेल्या अवस्थेत असतो, ब्राउझर त्याला कॉम्पोझिशन म्हणतो, आणि हे मराठीतच नव्हे, इंग्रजी टाइप करतानाही होतं. चिनी-जपानी टायपिंगसाठी लिहिलेला सल्ला उचलून बरेच जण "इजकॉम्पोझिंग खरं असेल तर दुर्लक्ष करा" असं लिहितात. परिणाम: स्पेस दाबेपर्यंत शोध सुरूच होत नाही. व्ह्यू या रिॲक्टसारख्याच लायब्ररीचं व्ही-मॉडेलही (इनपुटला मूल्य बांधायची सोय) कॉम्पोझिशन चालू असताना मूल्य बदलत नाही. तिथे त्याऐवजी व्हॅल्यू बांधून इनपुट इव्हेंट स्वतः ऐकावा लागतो. सर्चसाठी ही तपासणी नको, डिबाउन्स पुरेसा आहे. ती हवी फक्त एंटर कळेवर, कारण कॉम्पोझिशनमधला एंटर म्हणजे "हा शब्द घे", "शोध" नव्हे.

तिसरी तक्रार, अडखळणारी यादी. इथे जुने सल्ले अजून फिरतात, म्हणून थोडा इतिहास. जानेवारी २०११ मध्ये ट्विटरचं पान स्क्रोल करताना भयंकर मंद झालं होतं. जेक्वेरीचे जनक जॉन रेसिग यांनी तेव्हा लिहिलं की स्क्रोल इव्हेंटला थेट जड काम जोडू नका; तिथे फक्त खूण करून ठेवा आणि दर २५० मिलिसेकंदांनी ती खूण तपासा. त्या काळी ते अगदी बरोबर होतं. आज ब्राउझर स्वतःच स्क्रोल इव्हेंट फ्रेममागे एकदाच देतो, तोही रिक्वेस्ट ॲनिमेशन फ्रेमच्या कॉलबॅकच्या (पडदा रंगण्याआधी चालणाऱ्या कोडच्या) जरा आधी. माउसची हालचालही क्रोम ६० पासून फ्रेममागे एकत्र करून देतो. त्यामुळे स्क्रोल हँडलरला ॲनिमेशन फ्रेममध्ये गुंडाळून फारसं काही वाचत नाही. आणि १६ मिलिसेकंदांचा थ्रॉटल तर निव्वळ नुकसान: ६० हर्ट्झचा पडदा दर १६.७ मिलिसेकंदांनी रंगतो, १२० हर्ट्झचा ८.३ ने. तुमचा टायमर आणि पडदा यांची पावलं जुळत नाहीत आणि मधेच एखादी फ्रेम सुटते.

अडखळण्याचं कारण कॉलची संख्या नाही, एका कॉलमधलं काम आहे. थ्रॉटलने दहापैकी नऊ फ्रेम मोकळ्या ठेवल्या तरी दहावी ८० मिलिसेकंदांची असेल तर झटका बसणारच. हँडलरमध्ये सहसा हे सापडतं: लूपमध्ये प्रत्येक ओळीचं स्थान विचारायचं, मग तिला क्लास लावायचा, मग पुढच्या ओळीचं स्थान विचारायचं. क्लास लावला की आधीची मापं शिळी झाली, त्यामुळे पुढचं स्थान विचारताच ब्राउझर सगळी मांडणी तिथल्या तिथे पुन्हा करतो. २०० ओळींना २०० वेळा. आधी सगळी मापं वाचा, मग सगळे बदल लिहा. एवढ्यानेच बऱ्याचदा काम होतं.

तुमची गरज मात्र "खाली पोचलो की पुढचे थांबे आणा" एवढीच दिसते. मग स्क्रोल इव्हेंट हवाच कशाला? यादीच्या तळाशी एक रिकामा घटक ठेवा आणि त्यावर इंटरसेक्शन ऑब्झर्व्हर (घटक दिसायला लागला की कळवणारी ब्राउझरची सोय) लावा, रूटमार्जिन (किती आधी कळवायचं ते अंतर) खालच्या बाजूला ३०० पिक्सेल, म्हणजे तळ दिसण्याआधीच रिक्वेस्ट निघते. यादी स्वतःच्या चौकटीत स्क्रोल होत असेल तर रूट म्हणून ती चौकट द्या, नाहीतर मार्जिन लागू होत नाही. यातला नेहमीचा घोळ: ऑब्झर्व्हर फक्त आत-बाहेर होण्याच्या क्षणी कॉल करतो. पहिल्या खेपेत पाचच थांबे आले आणि तळाचा घटक अजून दिसतोच आहे, तर पुन्हा कॉल येत नाही आणि यादी पाचावरच गोठते. प्रत्येक खेप भरल्यावर घटकाचं निरीक्षण सोडून पुन्हा लावा. नव्याने लावलं की सद्यस्थितीचा एक कॉल हमखास येतो. या कामाला डिबाउन्स मात्र कधीही नको. बोट सरकत असेपर्यंत काहीच लोड होणार नाही आणि माणूस रिकाम्या तळाशी जाऊन आदळेल.

फोनवर आणखी एक तपासा, टचस्टार्ट, टचमूव्ह किंवा व्हील या घटनांवर लिसनर (त्या घडल्या की हँडलर चालवणारे) आहेत का. असतील तर "हा हँडलर प्रिव्हेंटडिफॉल्ट (ब्राउझरची नेहमीची कृती रोखणं) तर बोलवणार नाही ना" हे कळेपर्यंत ब्राउझर स्क्रोल रोखून धरू शकतो. पॅसिव्ह हा पर्याय दिला की थांबत नाही. क्रोमने विंडो, डॉक्युमेंट आणि बॉडीवरचे टच लिसनर ५६ पासून आणि व्हील ७३ पासून आपोआप पॅसिव्ह केले, पण तुमच्या यादीच्या डिव्हवर लावलेला तसा होत नाही, तो तुम्हीच करायचा. जेक्वेरीच्या ऑनमध्ये हा पर्याय देताच येत नाही, थेट ॲडइव्हेंटलिसनर वापरा. खुद्द स्क्रोल इव्हेंटला पॅसिव्ह लावून काही होत नाही. तो रद्दच करता येत नाही, मग थांबायचा प्रश्न कुठे.

रिसाइझचं थोडक्यात: मांडणी सीएसएसवर सोडा, नकाशा किंवा आलेख पुन्हा रंगवायचा असेल तरच १५० ते २०० चा डिबाउन्स. फोनवरच्या क्रोममध्ये पत्त्याची पट्टी लपली-दिसली तरी रिसाइझ येतो, म्हणून रुंदी बदलली नसेल तर काहीच करू नका. नाहीतर प्रत्येक स्क्रोलला नकाशा नव्याने रंगतो, आणि तो दोषही लोक स्क्रोल हँडलरवरच ढकलतात.

मूल्य डिबाउन्स करण्याची वाट सर्चला पुरते, पण पानात इतरत्र फंक्शनच डिबाउन्स करावं लागेल. आवडत्या थांब्यांना नाव देऊन ते आपोआप साठवायची सोय असेल तर उदाहरणार्थ. तिथे सगळ्या ओळींना मिळून एकच डिबाउन्स केलेलं फंक्शन ठेवू नका. तिसऱ्या ओळीत नाव बदललं आणि अर्ध्या सेकंदात चौथीला हात घातला, की तिसरीचा कॉल चौथीने खाल्ला. पडद्यावर नवं नाव, सर्व्हरवर जुनं. प्रत्येक ओळीच्या आयडीमागे वेगळा टायमर ठेवा, किंवा बदल एका मॅपमध्ये गोळा करून सगळे एकदम पाठवा. फोकस सुटला की फ्लश (राहिलेला कॉल लगेच सोडणं). पान लपताना, म्हणजे व्हिजिबिलिटीचेंजमध्ये स्थिती हिडन झाली की, तिथेही फ्लश, कारण फोनवर बीफोरअनलोडचा भरवसा नाही. त्या वेळची रिक्वेस्ट कीपअलाइव्ह (पान गेलं तरी रिक्वेस्ट चालू ठेवणारा पर्याय) लावून पाठवा, मजकूर ६४ किलोबाइटच्या आत ठेवा. लपलेल्या टॅबमध्ये सेटटाइमआउट फार तर सेकंदाला एकदा चालतो आणि ॲनिमेशन फ्रेम तर थांबतेच, त्यामुळे "नंतर साठवू" वर विसंबू नका.

डिबाउन्स केलेल्या हँडलरच्या आत प्रिव्हेंटडिफॉल्टही बोलवू नका. तोपर्यंत इव्हेंट होऊन गेलेला असतो, फॉर्म सबमिट होऊन पान ताजंही झालेलं असतं. करंटटार्गेटही तेव्हा नल असतो. बाहेरच्या साध्या हँडलरमध्ये प्रिव्हेंटडिफॉल्ट करा, हवं ते मूल्य काढा आणि तेवढंच आतल्या फंक्शनला द्या. लिसनर काढताना ज्या संदर्भाने लावला तोच द्या. काढतानाच्या ओळीत डिबाउन्स पुन्हा बोलवलात तर ते नवं फंक्शन असतं आणि जुना लिसनर तसाच राहतो.

थ्रॉटल लायब्ररी बदलताना त्याची मूळ ठेवण बघा. लोडॅशमध्ये पहिला आणि शेवटचा, दोन्ही कॉल येतात. आरएक्सजेएसच्या थ्रॉटलटाइममध्ये शेवटचा कॉल मुळात बंद असतो, त्यामुळे स्क्रोल थांबल्यावरची अंतिम स्थिती हाती लागत नाही आणि पट्टी ९६ टक्क्यांवर अडकते.

दुरुस्ती झाली की नाही ते ऑफिसच्या लॅपटॉपवर कळणार नाही. क्रोमच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये सीपीयू ६ पट मंद करा आणि यादी स्क्रोल करा. लाल कोपरा असलेले टास्क ५० मिलिसेकंदांच्या वरचे, त्यांच्यात शिरून बघा. शर्यत पकडायला नेटवर्क नुसतं मंद करून भागत नाही, कारण मग सगळ्याच रिक्वेस्ट सारख्या मंद होतात आणि क्रम टिकतो. सर्व्हरच्या चाचणी प्रतीत शब्द जितका छोटा तितका उशीर जास्त असं करून ठेवा, "वा" ला दीड सेकंद, "वाशी" ला पाव. मग "वा" टाइप करून अर्धा सेकंद थांबा आणि "शी" पुरं करा. युनिट टेस्टमध्ये जेस्ट या चाचणी साधनाचे खोटे टायमर वापरत असाल तर २७ किंवा पुढची आवृत्ती घ्या. लोडॅश टायमरबरोबर घड्याळही बघतं आणि जुने खोटे टायमर घड्याळ पुढे सरकवत नाहीत, त्यामुळे टेस्ट विनाकारण नापास होते.